मूठभर जोंधळे

आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, डाव्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी, एक लांबट पांढरा वण होता. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचो. ते म्हणायचे, "ही माझी हायस्कुलाची फी."

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस आला तर आला. 1943 साली आबा सातवीची फायनल पास झाले, तेव्हा पुढं शिकवायची घरची ऐपत नव्हती. मास्तरांनी साताऱ्याच्या भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगचं नाव काढलं. पणजोबांनी विचारलं, "पैसं कुठनं आणायचं?" मास्तर म्हणाले, "पोराला हात हायत न्हवं?"

भाऊराव, म्हणजे पोरांचे अण्णा, एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले. कुणब्याच्या घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही, हे त्यांनी ओसरीवर बसून पाहिलं होतं. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली ती साताऱ्यात आली. तिथल्या वसतिगृहाला 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. आबांना या सनावळ्या पाठ होत्या, पण सांगताना ते रमायचे अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपाशी. पोरांच्या या वहिनी 1930 सालीच गेल्या, आबांनी त्यांना पाहिलंही नव्हतं. थोरल्या पोरांनी सांगितलेलं ते आम्हाला सांगायचे: कोठीतलं धान्य संपलं, अण्णा गावाला गेलेले, दागिने आधीच गेलेले. वहिनींनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि पोरं जेवली. इथं आले की आबा थांबायचे आणि उगाच चष्मा पुसायचे.

बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. पहिल्या रात्री भाकऱ्या थापायची पाळी गावकुसाबाहेरच्या पोराची होती. आबा उपाशी झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळभर विहिरीच्या कामावर दगड वाहिले, आणि दुपारी त्याच पोराच्या हातच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या. दिवाळीला घरी आल्यावर भीत भीत आईला सांगितलं. आमची पणजी सोवळ्या-ओवळ्याची कडक. ती चुलीपुढं बराच वेळ गप्प बसली आणि मग एवढंच म्हणाली, "त्येची भाकरी फुगती का रं?" पुढं उन्हाळ्यात तो पोरगा आमच्या घरी आठ दिवस राहून गेला. त्याला तव्यावरची भाकरी पणजीनंच वाढली. मला या घराण्याचा अभिमान वाटतो तो त्या आठ दिवसांमुळं.

तो वण त्याच विहिरीवरचा. टिकाव निसटला, रक्त थांबेना. अण्णांनी स्वतः फडकं बांधलं आणि संध्याकाळी अभ्यासाला बसवलं. 'स्वावलंबी शिक्षण' हे संस्थेचं ब्रीद. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेव्हा 'कमवा आणि शिका' ही रीत कॉलेजातही आली. फुकट दिलेलं शिक्षण अंगी लागत नाही असं अण्णांचं मत होतं, म्हणतात. मला वाटतं, खरी गोष्ट वेगळी असावी. घाम गाळून शिकलेल्या पोराला कुणापुढं मान खाली घालावी लागत नव्हती. बोर्डिंगात शिकणं आणि काम बरोबरीनं चालायचं. आज तीन महिन्यांचं कौशल्याचं प्रशिक्षण घेऊन, प्रमाणपत्राची गुंडाळी हातात धरून एसटी स्टँडवर बसलेली आमच्या तालुक्यातली पोरं दिसतात, तेव्हा पोटात तुटतं. त्यांना हुन्नर शिकवला, पण त्या हुन्नराला काम कुठाय हे सांगायला कुणी बरोबर आलं नाही.

आबा शिक्षक झाले, निवृत्त झाले. पणजीनं मात्र एक नेम सोडला नाही. बोर्डिंगसाठी घरोघर मूठमूठ धान्य काढतात हे तिनं आबांकडून ऐकलं होतं. दळायला बसली की पहिली मूठ बाजूच्या गाडग्यात. गाव इतकं आडबाजूला की ते न्यायला कुणी यायचं नाही. गाडगं भरलं की ती आबांना हाक मारायची. आबा ते पोत्यात ओतायचे, एसटीच्या टपावर चढवायचे आणि साताऱ्याला उतरून पोतं खांद्यावर घेऊन बोर्डिंगच्या कोठीत नेऊन द्यायचे. पणजीला सही येत नव्हती. पावतीवर आबा तिचं नाव लिहून घ्यायचे आणि घरी आल्यावर तिला ते वाचून दाखवायचे.