ई-कॉमर्सचे आंतरराष्ट्रीय नियम आणि ग्राहक-तज्ज्ञांचा सहभाग

तुम्ही मोबाइलवरून एखादी वस्तू मागवता. विकणारी कंपनी दुसऱ्या राज्यातली असते, कधी दुसऱ्या देशातली. वस्तू खराब निघाली आणि कंपनी दाद देत नसेल, तर तक्रार कुठे करायची? तुमच्या जिल्ह्यात, की कंपनीचे कार्यालय असेल तिथे?

भारतात या प्रश्नाचे उत्तर आज कायद्यात लिहिलेले आहे. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तुम्हाला तक्रार करता येते. हे उत्तर आज अगदी स्वाभाविक वाटते. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच प्रश्नावर जगात मोठा वाद झाला होता. त्या वादात ग्राहकाची बाजू मांडणाऱ्या तज्ज्ञांना चर्चेत जागा कशी मिळाली आणि त्याने काय फरक पडला, हे आपण या पाठात पाहू.

१. सुरुवातीला चर्चेत कोण होते?

इंटरनेटवरील व्यापाराचे पहिले मोठे आंतरराष्ट्रीय कायदेविषयक काम संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने (अनसिट्रालने) केले. १९९६ च्या त्याच्या नमुना कायद्याने इलेक्ट्रॉनिक संदेशाला कागदी दस्तऐवजाच्या बरोबरीचे स्थान दिले. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच नमुन्यावर आधारलेला आहे. या नमुना कायद्यात ग्राहक कुठे आहे हे शोधून पाहा. तो पहिल्या कलमाच्या तळटीपेत सापडतो. ग्राहक संरक्षणाच्या कोणत्याही नियमाला हा कायदा बाधा आणत नाही, एवढेच तिथे म्हटले आहे. ग्राहकाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक देशावर सोडलेला होता.

जुलै १९९७ मध्ये अमेरिकेच्या क्लिंटन सरकारने जागतिक ई-कॉमर्सविषयीचा आपला आराखडा प्रसिद्ध केला. त्याचे पहिलेच तत्त्व असे होते की, या क्षेत्रात पुढाकार खासगी उद्योगांनी घ्यावा. उद्योगांची तयारीही होती. अमेरिका आणि युरोपमधील मोठ्या कंपन्यांचा ट्रान्सअटलांटिक बिझनेस डायलॉग हा मंच १९९५ पासून सरकारांना शिफारशी करत होता. १९९९ मध्ये ग्लोबल बिझनेस डायलॉग ऑन इलेक्ट्रॉनिक कॉमर्स हा कंपन्यांचा आणखी एक मंच उभा राहिला.

श्रीमंत औद्योगिक देशांची संघटना असलेल्या ओईसीडीमध्ये उद्योगांची आणि कामगार संघटनांची सल्लागार समिती १९६२ पासूनच होती. ग्राहकांसाठी तशी कायमची समिती नव्हती. ओईसीडीची स्वतःची ग्राहक धोरण समिती १९६९ पासून होती, पण तिचे सदस्य म्हणजे सरकारांचे अधिकारी.

तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी असाल, तर ही अडचण तुमच्या लगेच लक्षात येईल. एखादी प्रणाली तयार करताना गरजा लिहून घेण्याच्या बैठकीला बनवणारे सगळे हजर आहेत आणि वापरणारा कोणीच नाही, तर पुढे काय होते, हे आपण प्रकल्पांमध्ये पाहतोच.

२. ग्राहक-तज्ज्ञ म्हणजे कोण?

ग्राहक तर आपण सगळेच आहोत. मग वेगळा तज्ज्ञ कशाला हवा? याचे कारण असे की, एका ग्राहकाला फक्त स्वतःची तक्रार दिसते. हजारो तक्रारी एकत्र करून त्यांतला नमुना शोधणे, वस्तूंची आणि सेवांची तुलनात्मक चाचणी घेणे आणि कराराच्या बारीक अक्षरांतल्या अटी वाचणे हे काम ग्राहक संघटना करतात. १९६० मध्ये हेग येथे अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, बेल्जियम आणि ऑस्ट्रेलियातील संघटनांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. आज तो कन्झ्युमर्स इंटरनॅशनल या नावाने ओळखला जातो.

या संघाने १९९९ मध्ये केलेला एक अभ्यास समजून घेण्यासारखा आहे. ११ देशांतील संशोधकांनी साध्या ग्राहकासारखी संकेतस्थळांवरून सुमारे १५० वस्तूंची खरेदी केली, आणि त्यांतल्या बऱ्याच परतही पाठवून पाहिल्या. काही वस्तू शेवटपर्यंत पोहोचल्याच नाहीत. काही ठिकाणी पैसे परत मिळायला महिने लागले. वस्तू परत घेण्याचे धोरण किंवा तक्रारीची पद्धत कित्येक संकेतस्थळांवर लिहिलेलीच नव्हती. बाजार आपोआप शिस्त लावील, असे उद्योगांचे प्रतिनिधी सांगत होते. त्याला उत्तर म्हणून आता भाषणाऐवजी मोजमाप पुढे ठेवता येत होते. तज्ज्ञाचा उपयोग तो इथेच.

३. ओईसीडीची मार्गदर्शक तत्त्वे, १९९९

ओईसीडीच्या ग्राहक धोरण समितीने एप्रिल १९९८ मध्ये ई-कॉमर्ससाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅनडातील ओटावा येथे ई-कॉमर्सवर मंत्र्यांची परिषद झाली. त्या वेळी नागरी संघटनांनीही तिथे आपली स्वतंत्र परिषद भरवली. अमेरिका आणि युरोपीय संघातील ग्राहक संघटनांचा ट्रान्सअटलांटिक कन्झ्युमर डायलॉग हा मंचही १९९८ चाच. कंपन्यांच्या मंचाला समांतर असा ग्राहकांचा मंच आता उभा राहिला होता.

तत्त्वांच्या मसुद्यावर सरकारी अधिकारी, उद्योगांचे प्रतिनिधी आणि ग्राहक प्रतिनिधी अशा तिन्ही बाजूंशी चर्चा झाली. ९ डिसेंबर १९९९ रोजी ही तत्त्वे संमत झाली. त्यांतील मुख्य मुद्दे असे:

• ऑनलाइन ग्राहकाला मिळणारे संरक्षण इतर प्रकारच्या व्यापारातील संरक्षणापेक्षा कमी नसावे.
• विक्रेता कोण आहे आणि त्याच्याशी संपर्क कसा साधायचा, हे स्पष्ट लिहिलेले असावे.
• पूर्ण किंमत आणि अटी खरेदीपूर्वी दिसाव्यात.
• खरेदी पक्की करण्यापूर्वी चूक दुरुस्त करण्याची संधी मिळावी, आणि संमती समजून-उमजून दिलेली असावी.
• तक्रार निवारणाची सोय कमी खर्चाची आणि वेळेवर मिळणारी असावी.

यांतला पहिला मुद्दा लक्षात ठेवा. 'कमी नसावे' हे दोनच शब्द आहेत, पण त्यांनी पायंडा पाडला. माध्यम नवे आहे म्हणून जुने हक्क सोडावे लागणार नाहीत, हे त्यांत आले.

४. न्यायालय कोणाच्या देशातले?

एका प्रश्नावर मात्र एकमत झाले नाही. समजा, फ्रान्समधील ग्राहकाने जर्मनीतील विक्रेत्याकडून ऑनलाइन खरेदी केली आणि वाद झाला. न्यायालय कोणत्या देशाचे?

उद्योगांचे म्हणणे होते की, विक्रेत्याच्या देशाचे. संकेतस्थळ जगात कुठेही उघडते, म्हणून एखाद्या लहान दुकानदारावर पंधरा देशांत खटले होऊ लागले तर तो ऑनलाइन विक्रीच बंद करील. या म्हणण्यात तथ्य होते. ग्राहक संघटनांचे उत्तर असे होते की, थोड्या पैशांच्या वस्तूसाठी कोणीही परदेशात वकील लावणार नाही. हक्क कागदावर राहील आणि त्याचा उपयोग कोणालाच होणार नाही. शिवाय दुसऱ्या देशात विकायचे की नाही, हे विक्रेता ठरवू शकतो. त्या देशाचा कायदा ग्राहकाने निवडलेला नसतो.

ओईसीडीच्या तत्त्वांनी हा प्रश्न निकाली काढला नाही. युरोपीय संघाने मात्र डिसेंबर २००० मध्ये नवे नियमन केले. जुन्या ब्रसेल्स करारातही ग्राहकासाठी काही सोय होती, पण तिच्या अटी इंटरनेटपूर्व काळातल्या होत्या. नव्या नियमनानुसार विक्रेत्याने आपला व्यवसाय ग्राहकाच्या देशाकडे 'वळवलेला' असेल, तर ग्राहकाला स्वतःच्या देशातील न्यायालयात दाद मागता येते. केवळ ग्राहक संघटनांमुळे हे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण हा युक्तिवाद आकडे आणि उदाहरणे देऊन सतत मांडणारे कोणीतरी चर्चेत होते, हेही विसरून चालणार नाही.

या वादातून सहकार्याचा मार्गही निघाला. न्यायालयाबाहेर तंटे मिटवण्याच्या पद्धतीवर कन्झ्युमर्स इंटरनॅशनल आणि कंपन्यांचा ग्लोबल बिझनेस डायलॉग यांनी २००३ मध्ये संयुक्त मार्गदर्शक सूचनांवर सहमती केली. समोरासमोर बसल्यावर दोन्ही पक्षांना मान्य होईल असे काही निघू शकते, हे त्यातून दिसले.

५. ही तत्त्वे भारतापर्यंत कशी आली?

भारत ओईसीडीचा सदस्य नाही. १९९९ ची तत्त्वे ठरली तेव्हा तिथे २९ देश होते, आणि त्यांत आपण नव्हतो. तरीही ती भाषा पुढे सरकत राहिली. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ ची ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २०१५ मध्ये सुधारली आणि त्यांत ई-कॉमर्सचा विभाग घातला. ऑनलाइन ग्राहकाचे संरक्षण इतर व्यापारापेक्षा 'कमी नसावे', हे वाक्य तिथे पुन्हा भेटते. ही तत्त्वे सर्व सदस्य देशांसाठी आहेत.

आता भारतीय कायदा पाहू. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार साधारणपणे विरुद्ध पक्ष जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा तक्रारीचे कारण जिथे घडले, तिथे करावी लागे. २०१९ च्या कायद्याने त्यात तक्रारदाराच्या स्वतःच्या ठिकाणाची भर घातली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत पुढील गोष्टी आहेत:

• भारतात स्थापन न झालेली, पण भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू किंवा सेवा देऊ करणारी कंपनीही नियमांच्या कक्षेत येते.
• तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे.
• आधीच खूण केलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती मानता येणार नाही.

युरोपच्या नियमनातील 'वळवलेला व्यवसाय' आणि आपल्या नियमातील 'पद्धतशीरपणे देऊ करणारी कंपनी' या दोन कल्पना शेजारी ठेवून वाचा. दोन्हींमागचा विचार एकच आहे. ज्याने दूरच्या ग्राहकाकडे जाण्याचे ठरवले, त्या अंतराची जबाबदारीही त्याने घ्यावी.

६. मर्यादा

हा इतिहास विजयकथा म्हणून वाचू नका. ओईसीडीच्या इंटरनेटविषयक कामात नागरी संघटनांना औपचारिक सल्लागाराचे स्थान मिळाले, ते २००८ च्या सोल परिषदेनंतर. म्हणजे उद्योगांच्या मागून ४० हून अधिक वर्षांनी. सल्ला देणाऱ्याला मत देण्याचा अधिकार नसतो. कंपन्या प्रत्येक बैठकीला माणसे पाठवू शकतात, संघटनांना प्रवासखर्चाचा विचार करावा लागतो. आणि सुरुवातीच्या चर्चांमध्ये ग्राहकाची बाजू मांडणारे बहुतेक जण श्रीमंत देशांतले होते. परदेशातून वस्तू मागवणारा ग्राहक त्यांच्या नजरेसमोर होता. स्वतःच्या भाषेत अटी वाचायला न मिळणारा ग्राहक त्या चित्रात नव्हता.

२०१९ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या काही सदस्य देशांनी ई-कॉमर्सच्या नव्या नियमांवर वाटाघाटी सुरू केल्या. भारत त्यांत सामील झाला नाही. देशाची धोरण ठरवण्याची मोकळीक जपणे हे त्यामागचे कारण आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. पण बाहेर राहूनही नियमांची भाषा आपल्यापर्यंत कशी येते, हे आपण वर पाहिले. म्हणून देशाने वाटाघाटीत बसावे की नाही, याच्याइतकाच दुसरा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. जिथे मसुदे तयार होतात, तिथे आपल्या ग्राहकाच्या तक्रारी मोजून मांडणारा कोणी आहे का? तुमच्यातले काही जण उद्या खरेदीची संकेतस्थळे आणि ॲप तयार करतील, काही जण कायद्याच्या क्षेत्रात जातील. हे काम करणारी माणसे त्यांतूनच यायची आहेत.

विचारासाठी प्रश्न

१. लहान विक्रेत्यावर अनेक ठिकाणी खटले होण्याची भीती खरी आहे का? भारतातील एखाद्या छोट्या ऑनलाइन विक्रेत्याच्या बाजूने उत्तर लिहा.
२. तुम्ही वापरता त्या कोणत्याही एका खरेदी संकेतस्थळावर वर दिलेले १९९९ चे पाच मुद्दे तपासा. कोणता मुद्दा सर्वांत कमी पाळलेला दिसतो?
३. तुमच्या भाषेत अटी उपलब्ध असणे हा ग्राहकाचा हक्क मानावा का? सकारण लिहा.