रक्ताचा माग आणि हरणाचा धनी

शिकारीच्या गोष्टी बहुधा बार झाला की संपतात. सांगणारा नेम सांगतो, अंतर सांगतो, शिंगांची लांबी तर हमखास सांगतो आणि उरलेले सगळे ‘मग जनावर सापडले’ एवढ्यात उरकतो. खरे काम तिथून पुढे सुरू होते. वर्मी गोळी लागलेले चितळसुद्धा जागीच कोसळेल याचा भरवसा नसतो. ते शे-दीडशे पावले उधळत जाते आणि झुडपात शिरून पडते. गोळी पोटात किंवा पायात बसली असेल तर ते कोसभर जाऊ शकते. पुसद-उमरखेडच्या सागवानी डोंगरांत आणि पैनगंगेच्या काठच्या नाल्यांत हा पाठलाग पिढ्यान्‌पिढ्या झाला. तो का होत असे, याचे ठरलेले उत्तर म्हणजे दया: जखमी जीव तडफडत सोडू नये. हे उत्तर खोटे नाही, पण ते उशिरा आले. माझ्या मते रक्ताचा माग काढण्याच्या रिवाजाच्या मुळाशी हक्काचा प्रश्न होता. हरीण कोणाचे, हे ठरवण्याचा तो पुरावा होता, आणि दयेची भाषा त्यावर नंतर चढली.

याची जुनी साक्ष शिकाऱ्यांच्या नव्हे, धर्मशास्त्राच्या ग्रंथात मिळते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायनिवाडा कसा करावा हे सांगताना एक दाखला येतो: पारधी जसा सांडलेल्या रक्ताच्या थेंबांवरून हरणाचा ठाव काढतो, तसा राजाने अनुमानाने धर्माचा ठाव काढावा. दाखला नेहमी ऐकणाऱ्याच्या ओळखीचाच द्यावा लागतो. तेव्हा त्या काळी रक्तावरून माग काढणे ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट असणार. त्याहून मोलाचा उल्लेख नवव्या अध्यायात आहे. ज्याने खुंट काढून रान मोकळे केले त्याचे शेत, आणि ज्याचा बाण रुतला त्याचे हरीण, असा तो नियम. जमिनीचा हक्क आणि शिकारीचा हक्क इथे शेजारी शेजारी मांडले आहेत. रोमन कायद्यात याच प्रश्नावर वाद होता. ट्रेबेशियस नावाच्या विधिज्ञाचे मत असे की जखमी जनावर लगेच शिकाऱ्याचे होते, पण तो पाठलाग करत असेपर्यंतच. पाठलाग सोडला की हक्क सुटला. बहुतेकांनी हे मानले नाही. त्यांच्या मते जनावर प्रत्यक्ष हाती आल्याशिवाय ते कोणाचेच नाही, कारण मध्ये काहीही घडू शकते. जस्टिनियनच्या संहितेत हेच मत टिकले, आणि १८०५ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका कोल्ह्यावरून भांडण गेले तेव्हा दोन्ही बाजूंनी या जुन्या पोथ्या पुन्हा उघडल्या गेल्या. परीक्षिताची कथाही या नजरेने पाहावी. महाभारतात तो शमीक ऋषींपुढे येतो तेव्हा जखमी हरीण इकडून गेले का, एवढेच विचारत असतो. त्याचा बाण लागलेले हरीण याआधी कधी निसटले नव्हते, असेही तिथे म्हटले आहे. मौनव्रती ऋषी बोलत नाहीत आणि राजाचा तोल जातो. सप्ताहात ही कथा क्रोधाची म्हणून सांगितली जाते. मला ती निसटू पाहणाऱ्या हक्काचीही वाटते.

हक्क मागावर अवलंबून असेल, तर माग काढणाऱ्याचे काम साक्षीदाराचे होते, आणि तशीच शिस्त त्याला लागे. बार झाल्यावर पहिला नियम म्हणजे जागचे हलायचे नाही. जनावर कुठे उभे होते, गोळी लागताच ते कमानीसारखे आखडले की मागचे पाय झाडून उधळले, कोणत्या झाडाशी दिसेनासे झाले, हे मनात पक्के करायचे. मग उभ्या जागेवर जाऊन आधी केस पाहायचे. पांढरे मऊ केस पडले असतील तर गोळी पोटाखालून गेली. त्यानंतर रक्त. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस फुटले आहे, जनावर जवळच मिळेल. गडद, काळपट असेल तर यकृताची शंका. हिरवट पाणी आणि चघळलेल्या चाऱ्याचा वास आला की कोठा फुटला, आणि अशा वेळी अनुभवी माणूस खाली बसतो. कित्येक तास थांबायचे. उतावीळपणे मागे लागले तर जखमी जनावर उरलेले सगळे बळ पळण्यात घालते. कोणी मागे नाही असे वाटले की ते पहिल्याच दाट सावलीत बसते, अंग आखडते आणि मग त्याला उठवत नाही. सागाचे रान या कामाला अर्धे सोयीचे, अर्धे वैरी. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानगळ झालेली असते, सुपाएवढ्या पानावर पडलेला थेंब लांबून दिसतो. पण त्याच पानांवर तांबूस डागही असतात, म्हणून बोट ओले करून डाग चोळून पाहायचा. रक्त असेल तर बोटावर उतरते. पावसाळ्यात सागाचे कोवळे पान चुरगळले तरी हात लाल होतो, तेव्हा तिथे आणखी सावध राहावे लागते. गवताच्या काडीवर रक्त किती उंचीवर पुसले गेले आणि कोणत्या अंगाला, यावरून जखमेची जागा आणि बाजू कळते. भेगाळलेल्या काळ्या मातीत खूर उमटत नाही. नाल्याच्या वाळूत उमटतो, आणि पाय ओढत गेलेल्या जनावराचा फरकाटा तिथे वाचता येतो. मागावरून चालायचे नाही, मागाच्या कडेने चालायचे. शेवटचा थेंब सापडेल तिथे काडी रोवायची, आणि पुढचा दिसेना झाला की त्या काडीभोवती मोठी होत जाणारी रिंगणे घालायची. पुरावा पुसू नये म्हणून पंचनाम्यात घेतात ती काळजी यापेक्षा फार वेगळी नाही.

जर्मनीत हे काम कुत्र्याकडे गेले. हॅनोव्हरचा रक्तमागी कुत्रा केवळ त्यासाठी घडवला गेला. आपल्याकडे दख्खनची कारवानी जात आहे, पण ती नजरेने धावणारी. जमिनीवरचा माग इथे माणसाने काढला, आणि ही माणसे कोण होती, यावरून वादाचा पुढचा मुद्दा निघतो. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी कारभारात आला आणि पैनगंगा ही दोन अंमलांमधली हद्द झाली. अलीकडे वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका (तो १९०५ मध्ये यवतमाळला जोडला गेला), पलीकडे निजामाचे माहूर आणि हिंगोली. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. याच फौजेत नोकरी केलेल्या आर. जी. बर्टन या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या शिकारीवर १९२८ मध्ये पुस्तक लिहिले. त्याआधी १८७१ मध्ये फोर्सिथने आणि १९२३ मध्ये डनबार ब्रँडरने मध्य भारतातल्या रानांविषयी लिहिले होते. या परंपरेत जखमी जनावर सोडू नये, हा सभ्य शिकाऱ्याचा धर्म म्हणून मिरवला जातो. माझ्या प्रतिपादनावरचा मोठा आक्षेप इथूनच येईल: हा दयेचा नियम नव्हे काय? नियम होता, हे कबूल. पण तो सर्वांत कडक होता वाघ-बिबट्यांच्या बाबतीत, आणि त्याचे कारण उघड होते: जखमी वाघ दुसऱ्या दिवशी गुराख्यावर उलटतो. सांबर सहसा कोणावर उलटत नाही. त्याच्या मागे जाण्याची ओढ शिंगांसाठी होती. लंडनच्या रोलंड वॉर्डने १८९२ पासून शिंगांच्या मापांची पुस्तके काढली, त्यात मापासमोर धन्याचे नाव छापले जाई. ते शिंग ज्याने नाल्यातून, काट्यातून माग काढत शोधले, त्या आंध किंवा गोंड आदिवासी माणसाला त्या पानावर जागा नव्हती. त्याच्या वाट्याला बक्षिशी आणि मटण. शिवाय परवान्यावर जनावरांचा आकडा ठरलेला असला की न सापडलेले जनावर आकड्यात धरायचे की नाही, हे बंदूकवाल्याच्याच सचोटीवर राहते, आणि दयेचा नियम नेमका इथे सैल पडतो. माग पैनगंगेच्या पाण्यापाशी येऊन थांबला तर अडचण दुहेरी: पलीकडे रान तेच, हरीण तेच, पण अंमल दुसरा. ही हद्द कारभाराच्या दृष्टीने पुसली गेली ती १९५६ मध्ये विदर्भ आणि मराठवाडा एका राज्यात आल्यावर.

गावच्या पारधीत हिशोब निराळा, पण तत्त्व तेच होते. मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत हाक्याची शिकार सगळ्यांची असते, वाटे सर्वांना मिळतात, मात्र पहिला बाण ज्याचा त्याला मानाचा वाटा. तो पहिला कोणाचा, हे जखमेवरून आणि मागावरून ठरायचे. कोणी म्हणेल, मग फासेपारध्यांचे काय? या मुलखातले सर्वांत निष्णात शिकारी ते, आणि त्यांच्यात रक्ताचा माग जवळजवळ नाहीच. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर लिहिणाऱ्या रसेलने १९१६ च्या आपल्या ग्रंथात त्यांची रीत नोंदवली आहे: हरणांच्या वाटेवर फाशांची माळ मांडायची आणि कळप तिकडे वळवायचा, शिकवलेल्या गाय-बैलाच्या आडोशाने कळपाजवळ सरकणारे पारधीही होते. माग तेही काढतात, पण शिकारीच्या आधी. नंतर गरजच उरत नाही. हा अपवाद माझ्या बाजूनेच बोलतो. फाशात पाय अडकलेले हरीण त्याच क्षणी हाती असते, रोमन विधिज्ञांची कडक अटसुद्धा तिथे पुरी होते. जखम आणि ताबा यांच्यात अंतर पडते ते बाणामुळे आणि बंदुकीमुळे. ठासणीच्या बंदुकीने ते अंतर फारच वाढवले: एक बार, विखुरणारे छर्रे, पुन्हा भरायला वेळ. एका शिकारीमागे किती हरणे रानात जाऊन मेली असतील याचा हिशोब कुठल्याच दप्तरात नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा महाराष्ट्रात १९७३ पासून लागू झाला, तेव्हा गहुलीचे, म्हणजे पुसदच्याच मातीतले वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सुरुवातीला या कायद्यात परवान्याच्या शिकारीला जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. शिकारीच्या व्याख्येत मारणेच नव्हे, तर जखमी करणेही आले. पण मालकीच्या बाजूने पाहिले तर त्याहून मोठी उलथापालथ कलम ३९ ने केली. कायदा मोडून मारलेले, चुकून मारले गेलेले, नुसते मेलेले सापडलेले वन्य जनावरही शासनाचे. बाण रुतवणाऱ्याचा हक्क हजारो वर्षांनी असा संपला. आता शिकारच बंद आहे, तर ही विद्या आठवून शिकारचोरांनाच शहाणे करायचे का, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे, पण चोरट्या शिकाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. ही विद्या कमी पडते दुसऱ्या बाजूला. फास तोडून, तारेचा झटका खाऊन किंवा रस्त्यावर गाडीची धडक बसून रानात शिरलेले चितळ शोधायचे असते तेव्हा वनरक्षकाला तेच केस, तेच थेंब आणि तोच फरकाटा वाचावा लागतो. गर्दी करून पाठलाग केला तर हरीण जखमेने नव्हे, धसक्याने आणि स्नायूंच्या बिघाडाने मरते, हे पशुवैद्यक सांगते. तेव्हा थांबण्याचा जुना नियम इथेही लागू पडतो, आता जनावर जिवंत हाती यावे म्हणून. गुन्ह्याचा तपास असेल तर रक्ताने भिजलेली माती पाकिटात बंद होऊन डेहराडूनला किंवा हैदराबादला डीएनए तपासणीसाठी जाऊ शकते, आणि तिथे थेंबावरून ते हरीणच होते की बकरी, हे ठरते. ज्याच्या हाती असे जनावर लागेल त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवायचे आणि मागितले की सोपवायचे, असे तेच कलम ३९ सांगते.