यंत्र आधी की रूप आधी? स्वतंत्र घड्याळजींच्या अकादमीची चाळीस वर्षं

१९८० साली कोरम या स्विस कंपनीने 'गोल्डन ब्रिज' नावाचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. एरवी घड्याळाची चाकं एका गोल पत्र्यावर पसरून बसवलेली असतात. इथे मात्र कमानीच्या डबीपासून बॅलन्स चाकापर्यंत सगळे भाग एका अरुंद पट्टीवर, एका ओळीत मांडलेले होते. तबकडी नव्हतीच. पट्टीच्या दोन्ही अंगांनी आरपार दिसायचं. हे यंत्र विन्सेंट कालाब्रेसे यांचं. ते मूळचे नेपल्सचे, स्वित्झर्लंडला येऊन स्थिरावलेले आणि बरंचसं काम स्वतःच शिकलेले कारागीर. १९७७ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं होतं. पण घड्याळावर नाव आलं ते कंपनीचं.

जिनिव्हातच स्वेन्ड अँडरसन हे डॅनिश घड्याळजी राहत होते. १९६९ मध्ये त्यांनी बाटलीच्या आत एक चालतं घड्याळ जोडून दाखवलं आणि त्या एका करामतीने त्यांचं नाव झालं. पुढे पातेक फिलिपच्या सर्वांत अवघड घड्याळांच्या विभागात त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि मग स्वतःची कार्यशाळा काढली. १९८५ मध्ये या दोघांनी मिळून स्वतंत्र सर्जक घड्याळजींची अकादमी स्थापन केली. तिच्या फ्रेंच नावातल्या आद्याक्षरांवरून जगभर ती 'ए.एच.सी.आय.' म्हणून ओळखली जाते.

त्या वर्षी असलं काही सुरू करणं म्हणजे धाडसच होतं. १९६९ च्या नाताळात सायकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं होतं. त्यानंतरच्या पंधराएक वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातल्या सुमारे नव्वद हजार नोकऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश उरल्या. चावीचं घड्याळ संपलं, असं जाणती माणसंच म्हणत होती. अकादमीने सभासदत्वाची अट साधी ठेवली. कंपनीला प्रवेश नाही, माणसाला आहे. त्याने स्वतःच्या कल्पनेचं घड्याळ स्वतंत्रपणे घडवलेलं असावं. जुन्या सभासदांनी शिफारस करायची, मग काही वर्षं उमेदवार म्हणून आपलं काम त्यांच्या शेजारी मांडायचं आणि त्यानंतर प्रवेश. ही उमेदवारी मला अकादमीची सर्वांत मोलाची देणगी वाटते. बाझेलच्या घड्याळ मेळ्यात मोठमोठ्या कंपन्या दुमजली दालनं उभारत, तिथे अकादमीच्या गाळ्यात एखाद्या अनोळखी तरुणाला फक्त एक काचपेटी मिळायची. पण शेजारच्या पेटीमागे त्या कलेतला उस्ताद उभा असायचा.

सुरुवातीच्या काळात या गाळ्यावर यंत्राचाच शब्द चालत असे, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे जॉर्ज डॅनियल्स. आयल ऑफ मॅन या बेटावर राहणारा हा इंग्रज घड्याळातला जवळजवळ प्रत्येक भाग स्वतःच्या हाताने करी. घड्याळात कमानीची ताकद थेंबाथेंबाने सोडणारी जी रचना असते तिला एस्केपमेंट म्हणतात. स्विस पद्धतीच्या एस्केपमेंटमध्ये माणकाचे छोटे तुकडे चाकाच्या दातांवरून घसरतात. घसरण आली की तेल आलं, आणि तेल जुनं होऊन घट्ट झालं की घड्याळाची चाल बिघडते. डॅनियल्स यांनी १९७० च्या दशकात कोअॅक्सियल एस्केपमेंट शोधलं. त्यात दात माणकाला घसरून ढकलण्याऐवजी जवळजवळ सरळ धक्का देतो, त्यामुळे तेलावरचं अवलंबन फार कमी होतं. दोनशे वर्षांहून अधिक काळ जे पक्कं मानलं गेलं होतं त्यात एकट्या माणसाने बदल केला. तो कंपन्यांना पटवायला त्यांना वीसेक वर्षं लागली. अखेर १९९९ मध्ये ओमेगाने तो आपल्या घड्याळांत आणला. बाहेरून पाहिलं तर त्या घड्याळांत नवं काहीच दिसत नाही, आणि यंत्रातल्या नवेपणाची खरी अडचण इथेच आहे. तो डोळ्याला दिसत नाही, म्हणून दुकानात विकला जात नाही. लहान कारागिराला तर वीस वर्षं थांबणं परवडतच नाही.

रूप दिसतं आणि लगेच दिसतं. १९९७ मध्ये फेलिक्स बाउमगार्टनर हे घड्याळजी आणि मार्टिन फ्राय हे चित्रकार-आरेखक यांनी 'उर्वेर्क' सुरू केलं. त्यांच्या घड्याळात काटे नाहीत. तासाचा आकडाच एका वक्र पट्टीवरून शून्यापासून साठपर्यंत चालत जातो आणि तो कुठे पोहोचला यावरून मिनिटं कळतात. ही युक्ती सतराव्या शतकात रोममध्ये पोप सातवे अलेक्झांडर यांच्यासाठी कांपानी बंधूंनी केलेल्या रात्रीच्या घड्याळातून आली आहे. म्हणजे मूळ यंत्रकल्पना जुनी, आणि नवेपणा तिला अवकाशयानासारखं कवच देण्यात. सुरुवातीला गिऱ्हाईक फार कमी मिळालं. पुढच्या घड्याळांत मात्र चाकांची मांडणीही नव्याने होत गेली आणि रूपाच्या मागे यंत्र धावू लागलं. अकादमीचे सभासद फक्त बाउमगार्टनर आहेत, कारण तिथे घड्याळ घडवणाराच आत येतो. पण फ्राय यांच्याशिवाय ते घड्याळ झालंच नसतं, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण म्हणजे फिलिप द्युफूर. व्हॅले द ज्यू खोऱ्यातल्या ल सोलिया गावी, जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांची कार्यशाळा आहे. १९९२ मध्ये त्यांनी दर पाव तासाला आपोआप टोले देणारं ग्रँड सोनरी यंत्र मनगटी घड्याळात बसवून दाखवलं. तोवर ते कुणाला जमलं नव्हतं. चार वर्षांनी दोन बॅलन्स चाकांची सरासरी काढणारं 'ड्युअॅलिटी' आलं. त्याचे मोजून नऊच नग झाले. आणि मग २००० मध्ये आलं 'सिम्प्लिसिटी'. त्यात तास, मिनिट आणि सेकंदाचा छोटा काटा एवढंच. नवा शोध नाही, नवा आकारही नाही. होती फक्त घासणी. जेन्शियन या डोंगरी झुडपाच्या वाळक्या काडीने पत्र्याची कड घासत राहायचं. त्या कडेवर प्रकाश असा पडतो की तशी घासणी यंत्राला जमत नाही. द्युफूर यांचं नाव जगभर पोहोचवणारं घड्याळ हेच, आणि त्याची पहिली खरी कदर जपानी संग्राहकांनी केली. रूप की यंत्र, या वादात कारागिरी नावाचा तिसरा पक्षही आहे, आणि अनेकदा तोच जिंकतो, हे या घड्याळाने दाखवलं.

वियानी हाल्टर यांची कहाणी मात्र मला अस्वस्थ करते. १९९८ मध्ये त्यांनी 'अँटिका' आणलं. जहाजाच्या खिडक्यांसारख्या चार गोल खिडक्या, त्यांत वेळ आणि शाश्वत दिनदर्शिका. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतून निघाल्यासारखं ते घड्याळ पाहून लोक चक्रावले. आरेखन अमेरिकन डिझायनर जेफ बार्न्स यांच्यासोबत केलेलं. पाच वर्षांनी हॅरी विन्स्टन या कंपनीसाठी त्यांनी 'ओपस ३' जाहीर केलं. सहा खिडक्यांत फक्त आकडे, तास, मिनिट, तारीख, सगळं उडी मारून बदलणारं. कागदावर ते चित्र अप्रतिम होतं. पण एकाच वेळी अनेक चकत्या फिरवायला लागणारी ताकद छोट्याशा कमानीतून काढणं हे दुःस्वप्न ठरलं. इतर तज्ज्ञांच्या मदतीने घड्याळ गिऱ्हाइकांच्या हाती पडायला सात-आठ वर्षं गेली. आरेखन यंत्राच्या पुढे धावलं की किंमत कारागीर मोजतो. तरीही तो आकडा उडी मारताना पाहिल्यावर, ही धाव घ्यायलाच हवी होती असं मला वाटतं.

अकादमीचं केंद्र हळूहळू स्वित्झर्लंडबाहेरही सरकलं. जपानी घड्याळजी मासाहिरो किकुनो यांनी २०११ मध्ये एक घड्याळ सादर केलं. त्यात एदो काळातल्या जपानी वेळेप्रमाणे दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग पडतात, आणि ऋतूनुसार त्यांची लांबी बदलते. पंचांगातली चौघडी सूर्योदय-सूर्यास्तावरून जशी लांबट-आखूड होतात, तसंच हे. तबकडीवरचे आकडे वर्षभर आपोआप जवळ-दूर सरकतात. इथे यंत्र आणि रूप वेगळं काढताच येत नाही, कारण आकडे सरकले नाहीत तर घड्याळ खोटं आणि सरकले की दिसतंच. माझ्या मते अकादमीतल्या कामाचा हा सर्वोत्तम नमुना आहे. त्यांचेच देशबांधव हाजिमे आसाओका मूळचे औद्योगिक डिझायनर, तोक्योच्या कला विद्यापीठातून शिकलेले. घड्याळ करणं ते स्वतःच्या बळावर शिकले आणि थेट टूर्बियाँसारख्या अवघड यंत्रापर्यंत पोहोचले. नंतर २०१९ मध्ये त्यांनी 'कुरोनो' हा वेगळा ब्रँड काढला. आरेखन त्यांचं, यंत्र मियोता या कारखान्यातलं तयार. किंमत सामान्य माणसाने साठवून घ्यावी इतपत. त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. लपवाछपवी केली तरच गैर, आणि आसाओका यांनी ती केली नाही.

सगळ्यांत गुंतागुंतीचं उदाहरण रशियाच्या कोन्स्तान्तिन चायकिन यांचं. ते अकादमीचे अध्यक्षही होते. २०१७ चं त्यांचं 'जोकर' म्हणजे हसरा चेहरा. एका डोळ्यात तास, दुसऱ्यात मिनिटं, तोंडाच्या जागी चंद्रकला. तळाशी तयार स्विस यंत्र, वर चायकिन यांची जोडणी. ते हातोहात खपलं आणि पुढे त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. मातब्बर मंडळींनी नाक मुरडलं असेल. पण याच माणसाने २०२४ मध्ये 'थिंकिंग' हा नमुना मांडला, ज्याची जाडी आहे १.६५ मिलिमीटर. जगातलं सर्वांत पातळ यांत्रिक मनगटी घड्याळ म्हणून त्याची नोंद झाली. कवचाचा तळच इथे यंत्राचा पाया होतो, इतकी जागेची चणचण आहे. 'जोकर' विकला गेला नसता तर एवढा वेळ 'थिंकिंग'वर घालवणं छोट्या कार्यशाळेला झेपलं असतं का, हा प्रश्न विचारायला हवा. रूपाने कमवायचं आणि यंत्रावर खर्चायचं, हा हिशेब मला प्रामाणिक वाटतो.

कारी वुतिलाइनेन या फिनिश घड्याळजींनी आणखी वेगळा मार्ग काढला. २०११ च्या 'व्हँ-युइट'मध्ये त्यांनी दोन एस्केप चाकं वापरून बॅलन्सला थेट धक्का देणारी रचना केली, आणि नंतर तबकड्या बनवणारा कारखानाच विकत घेतला. दोन्ही बाजू एकाच छताच्या आवाक्यात आणायच्या, असा तो विचार.

२०१९ चा बाझेल मेळा शेवटचा ठरला. करोनाने पुढचा रद्द झाला आणि तो पुन्हा उभा राहिलाच नाही. अकादमीचा गाळा त्याबरोबर गेला, पण अकादमी गेली नाही. जिनिव्हातल्या घड्याळ सप्ताहात ती 'मास्टर्स ऑफ हॉरॉलॉजी' या नावाने आपलं वेगळं प्रदर्शन भरवू लागली. सभासद आजही तीसेकच आहेत. उमेदवारांच्या टेबलांवर आता संगणकावर आरेखलेले आणि सीएनसी यंत्रावर कापलेले भाग असतात. त्यामुळे नवं रूप काढणं पूर्वीपेक्षा खूप सोपं झालं आहे. नवं एस्केपमेंट काढणं मात्र १९७० च्या दशकात होतं तितकंच कठीण आहे. उमेदवाराला प्रवेश देताना काचेवरून नजर आत जाते की नाही हे तपासायचं काम त्यामुळे जुन्या सभासदांकडे अधिक कडकपणे आलं आहे, आणि माझ्या मते ते त्यांनी ढिलं सोडू नये.