मोडकी स्टिक आणि दोन लाख मते

आपल्या बॅचचे अनेकजण आज चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहेत. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मोबाईलवर सामना पाहतात आणि आवडत्या खेळाडूच्या फोटोला लगेच पसंती देतात. शाळेत असताना मात्र खेळाडू आपल्याला भेटायचा तो वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, नाहीतर दूरदर्शनवर. या दोन काळांत हॉकीपटूची लोकप्रियता कशी बदलली, त्याचा हा छोटासा मागोवा.

आपल्या पिढीचा हॉकीपटू म्हणजे धनराज पिल्ले. जन्म १६ जुलै १९६८, पुण्याजवळच्या खडकीत. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करत. मोडक्या स्टिक दोरीने बांधून धनराज आणि त्याचे भाऊ खेळायला शिकले. पुढे तो चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. १९९८ मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर लगेचच त्याला आणि काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना संघातून वगळण्यात आले. चाहते हळहळले, चिडले. पण ते किती होते, हे मोजण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

ते साधन पुढच्या पिढीला मिळाले. हरियाणातल्या शाहाबादची राणी रामपाल ही टांगा ओढणाऱ्या वडिलांची मुलगी. तिनेही सुरुवात मोडक्या स्टिकनेच केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये भुवनेश्वरला अमेरिकेविरुद्ध तिने केलेल्या गोलामुळे भारतीय महिला संघ टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. जानेवारी २०२० मध्ये ‘वर्ल्ड गेम्स अॅथलीट ऑफ द इयर’ या पुरस्कारासाठी जगभरातून २० दिवस ऑनलाइन मतदान झाले. एकूण ७,०५,६१० मतांपैकी १,९९,४७७ एकट्या राणीला पडली. दुसऱ्या क्रमांकावरच्या युक्रेनच्या कराटेपटूला ९२,२६३ मते होती. हा मान मिळवणारी ती पहिली हॉकीपटू. टोकियोच्या कांस्यपदकानंतर गोलरक्षक श्रीजेशनेही १,२७,६४७ मतांनी हाच पुरस्कार पटकावला.

पण मते मोजली गेली म्हणून संघातली जागा पक्की होते का? दुखापतीनंतर २०२२ च्या विश्वचषक संघात राणी नव्हती. राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातही नव्हती. न मोजलेल्या प्रेमाने धनराजची जागा राखली नाही, तशी मोजलेल्या मतांनी राणीचीही राखली नाही. मतदानाने एक मात्र केले. क्रिकेटवेड्या म्हटल्या जाणाऱ्या या देशात हॉकीचेही लाखो चाहते आहेत, हे आकड्यांत जगापुढे आले.

खडकी आणि शाहाबाद, दोन्हीकडची सुरुवात मोडक्या स्टिकपासून झाली. ती काही मोबाईलवरच्या मतांनी सांधली जात नाही. म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक सुचवतो. मेळाव्याच्या निधीतून थोडी रक्कम बाजूला काढून शाळेला हॉकीच्या चांगल्या स्टिक आणि चेंडू देऊ या. मत द्यायला अंगठा पुरतो. खेळाडू घडायला मैदान आणि स्टिक लागते.