चाकाच्या पोटातल्या स्प्रिंगा

१९५० च्या आसपासची ट्रायम्फ पाहिलीत, तर मागच्या चाकाचा हब पातेल्यासारखा फुगलेला आढळेल.

युद्धपूर्व काळातील बहुतेक ब्रिटिश मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला थेट जखडलेले असे. खड्ड्यांचा हिशेब चालकाच्या मणक्याशी. एडवर्ड टर्नर यांनी सांगाड्याला हात न लावता स्प्रिंगा हबमध्येच बसवल्या. महायुद्धानंतर हा ‘स्प्रंग हब’ विक्रीस आला. चाक बदलले की सुधारणा झाली, हेच त्याचे आकर्षण.

आस स्थिर राहतो आणि चाक त्याभोवती वक्र मार्गाने वरखाली सरकते. त्या वक्राचा रोख गिअरबॉक्सशी जुळवलेला, म्हणून चेन सैल पडत नाही. कल्पना खरोखर देखणी! पण हालचाल जेमतेम दोन इंच, आणि उसळी शमवणारे तेलाचे डँपर नाहीतच. बेअरिंग झिजले की वळणावर चाक डुलू लागते. शिवाय स्प्रिंगा इतक्या दाबून बसवलेल्या, की योग्य साधनाविना हब उघडणे म्हणजे जिवाशी खेळ. तसा इशारा हबवरच उठवलेला असे.

१९५४ पासून ट्रायम्फही स्विंगआर्मकडे वळली. रॉयल एनफिल्डच्या बुलेटने तो १९४९ मध्येच स्वीकारला होता. मद्रासच्या बुलेटींमुळे आपल्याला तोच परिचयाचा.

मग आज जुन्या ट्रायम्फला स्विंगआर्म जोडावा का? बसणाऱ्याला सुख लाभेल, पण मूळ सांगाडा जाईल. माझा कौल हबला. बेअरिंग नवे घाला, ग्रीस बेताने भरा (अति झाले तर ब्रेकमध्ये उतरते), आणि हब उघडण्यापूर्वी त्याचे खास साधन मिळवा.