दिनविशेष : ४ ऑगस्ट – पाया खचला, गाळबांध फुटला
२०१४ : कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील माउंट पॉली या तांबे-सोन्याच्या खाणीचा गाळबांध (खाणगाळ अडवून ठेवणारा बांध) पहाटे फुटला. सुमारे २.५ कोटी घनमीटर पाणी व खाणगाळ हेझेलटाइन ओढ्यामार्गे क्वेस्नेल सरोवराकडे धावला. जीवितहानी टळली.

चौकशी समितीने बोट ठेवले ते पायावर. मूळ जमिनीखाली सुमारे ८ मीटरवर हिमयुगीन सरोवरात साचलेल्या चिकणमातीचा थर होता. संकल्पन करताना तो ध्यानातच आला नव्हता. टप्प्याटप्प्याने बांधाची उंची वाढली, बाहेरचा उतारही आखणीपेक्षा अधिक तीव्र झाला. वाढता भार न पेलून थर सरकला. म्हणूनच असा बांध घालताना पुरेशी खोल छिद्रे घेऊन माती तपासतात. शेवटच्या उंचीचा भार धरून तिची ताकद मोजतात. कमकुवत थर काढून टाकतात किंवा पायथ्याशी आधाराचा भराव घालतात.

बंगळूरच्या चिकपेट परिसरात सोन्याचा धंदा करणाऱ्या मराठी मंडळींना खाणगाळ मागे उरण्याचे जवळचे उदाहरण कर्नाटकातील कोलारचे. तेथील सरकारी सोनेखाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. सोने काढून उरलेल्या भुकटीचे ढीग मात्र मागे राहिले. खाण बंद झाली तरी गाळाची राखण संपत नाही.