लघवी धरून ठेवण्याचा इतिहास



हा विषय आपण बायका कुजबुजतच बोलतो, म्हणून आज मुद्दाम उघड लिहिते. बाहेर जायचं तर सकाळपासून पाणी कमी प्यायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं? आईने, मावशीने. शास्त्राने मात्र नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायाचं नावच ‘नवेगान्धारणीय’ आहे. अडवू नयेत अशा 13 वेगांत मूत्राचा वेग पहिला. आपल्या पाच समितींतली उत्सर्ग समितीसुद्धा जीवजंतू नसलेली जागा पाहून विसर्जन करा म्हणते, कोंडून ठेवा असं नाही.

पण जागाच नसेल तर? मुंबईत बऱ्याच सार्वजनिक शौचालयांत पुरुषांना लघवीचे पैसे पडत नसत, बायकांकडून मात्र घेत. मी कॉमर्सची, त्यामुळे आधी हिशेबच मांडते: ज्यांना जागा कमी त्यांनाच भाडं! याविरुद्ध 2011 मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली. कोरो आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्या त्यात होत्या. (नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इकडेतिकडे बघितलं होतं.) पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने तर थेट उच्च न्यायालय गाठलं. डिसेंबर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं बांधायला सांगितलं आणि हा प्रश्न घटनेतल्या जगण्याच्या हक्काशी जोडला.

आदेश निघाला, सवय तशीच राहिली. बाईची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषाची साधारण 20. जंतूंना वर चढायला अंतर थोडं, आणि त्यांना धुऊन काढणारी लघवी आपण अडवतो. मुली आता घाण नको म्हणून कमोडवर न टेकता अधांतरी उभ्या राहतात. त्यात ओटीपोटाखालचे स्नायू आवळलेलेच राहतात, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. पुसून, कागद टाकून, पण बसावं.

आपल्या घरांत आणखी एक भर. चौविहार करणारी मुलगी ऑफिसात दिवसभर पाणी टाळते आणि सूर्यास्तानंतर तर त्यागच. मग पाणी पोटात जाणार कधी? माझ्या सुनेला गेल्या चातुर्मासात दोनदा जळजळ होऊन ताप आला. डॉक्टरांनी पाणी विचारलं, तिने गप्प बसून माझ्याकडे पाहिलं. व्रत तिने सोडलेलं नाही. आता डब्यासोबत मी उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या देते, आणि संध्याकाळी डबा घासायला घेण्याआधी त्या रिकाम्या आल्यात का ते बघते.